कातकऱ्यांचा दावा गुंठ्यांत मोजू नका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

ठाण्याच्या येऊर जंगलातील बांधकामांविषयी आपल्या दैनिकाच्या पत्रसदरात गेले काही आठवडे चर्चा चालू आहे. त्यात एका पत्रलेखकाने असे सुचवले आहे की, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत राहणारे सगळेच, मग ते बंगलेवाले असोत, हॉटेलवाले असोत किंवा पाड्यांवरचे आदिवासी असोत, एकाच मापाने मोजावेत आणि एकदमच बाहेर काढावेत. बंगले आणि हॉटेले यांच्याबाबतीत माझे त्यांच्याशी दुमत नाही. ‘एकाच मापाने’ या शब्दांपाशी मात्र मी अडलो, कारण मोजणे हाच माझा आयुष्यभराचा व्यवसाय होता. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात मी भूकरमापक म्हणून नोकरी केली, ऐन उन्हाळ्यात डोंगरउतारांवर साखळी ओढली, आणि कोणते माप कोणाला लागू पडते व कोणाला पडत नाही, हे त्या नोकरीच्या अखेरीस थोडेफार उमगले. तेवढ्या अधिकारावर हे पत्र लिहीत आहे.

प्रथम कायद्याची बाजू. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे जमिनीवरचे आणि वनोपजावरचे हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा संसदेने डिसेंबर २००६ मध्ये संमत केला आणि तो ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला. त्यातील ‘वनजमीन’ या शब्दाच्या व्याख्येत अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने नाव घेऊन समाविष्ट केलेली आहेत. राष्ट्रीय उद्यान झाले म्हणजे तेथील आदिवासींचे हक्क आपोआप संपले, असा जो सरसकट समज आहे त्याला या कायद्यात आधार नाही. उलट कलम ४(५) असे सांगते की, हक्कांची पडताळणी आणि मान्यता पूर्ण होईपर्यंत कोणाही वननिवासी आदिवासीला त्याच्या ताब्यातील वनजमिनीवरून हटवता येणार नाही. वन्यजीवांसाठी अत्यावश्यक ठरवलेल्या क्षेत्रातूनही माणसे हलवायची असतील, तर आधी त्यांचे हक्क मान्य करावे लागतात, त्यांच्या वास्तव्याने कायमची हानी होते आणि सहजीवनाचा दुसरा मार्ग नाही हे दाखवावे लागते, ग्रामसभेची लेखी संमती घ्यावी लागते, आणि रिकामी झालेली जमीन पुढे अन्य कोणत्याही कामासाठी वळवता येत नाही. बंगलेवाल्याला यातले एकही संरक्षण नाही आणि ते असण्याचे कारणही नाही. तेव्हा पत्रलेखकांचे एक माप कायद्यालाच मान्य नाही, एवढ्यावर हे पत्र संपवता आले असते.

परंतु माझा मुद्दा याहून थोडा पुढचा आहे. आदिवासींच्या बाजूने बोलणारे आपण सारे, आणि त्यात मी स्वतःलाही धरतो, आदिवासींमध्येही पुन्हा एकच माप वापरतो, आणि त्या मापात कातकरी बसत नाहीत.

आपल्या जिल्ह्यातील वारली, मल्हार कोळी, महादेव कोळी, ठाकर या जमाती डोंगरउतारावर का होईना, नाचणी, वरी आणि भात पिकवणाऱ्या आहेत. त्यांच्या जमिनीला बांध असतो, राब भाजल्याची काळी खूण असते, फार तर पन्नास-पाऊणशे वर्षांमागची दंडाची पावती असते. (जंगल खात्याने ज्या पावतीने दंड केला, तीच पावती पुढे ताब्याचा पुरावा म्हणून कामी आली, हा आमच्या व्यवसायातला एक जुना विनोद आहे.) कातकरी मूळचे शेतकरी नव्हेत. खैराच्या गाभ्याचे तुकडे मडक्यात उकळून, ते पाणी आटवून कात पाडणारे ते कातकरी किंवा काथोडी. हंगामाप्रमाणे मुक्काम बदलावा, ओढ्यात मासे आणि खेकडे धरावेत, कंद खणावेत, मध काढावा, भात कापून झाल्यावर शेतातल्या उंदरांची बिळे उकरून उंदीर आणि त्यांनी साठवलेल्या लोंब्या दोन्ही घ्याव्यात, अशी त्यांची उपजीविका होती. महाराष्ट्रात केंद्र सरकारने ज्या तीन जमाती ‘आदिम’ म्हणून नोंदल्या त्या म्हणजे कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यांपैकी कातकऱ्यांची वस्ती मुख्यतः रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत आहे, म्हणजे आपल्या अगदी दाराशी.

दाराशी हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. जूनच्या पहिल्या पावसाच्या सुमारास ठाण्याच्या जांभळी नाक्यावर शेवळ या रानभाजीच्या जुड्या आणि त्यांच्यासोबत काकड या आंबट रानफळांचे वाटे घेऊन ज्या बायका फुटपाथवर बसतात, त्या आसनगाव-कसाऱ्याकडून पहाटेच्या लोकलने येतात. ठाण्यातल्या जुन्या घरांतून शेवळाच्या भाजीचे केवढे कौतुक असते, हे मी वेगळे सांगायला नको. ती शेवळे जंगलातून येतात. जंगल राखीव असेल तर ती आणणे हा वनोपजाचा हक्क ठरतो. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून ती आणली तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३५ खाली तो गुन्हा ठरू शकतो. जुडीवरून ती कोणत्या बाजूने आली हे आपल्याला कळत नाही आणि आपण विचारीतही नाही.

ही कोंडी आजची नाही. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने जंगले राखीव करायला घेतली, तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष माजला की १८८५ मध्ये त्याच्या चौकशीसाठी सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्या काळच्या तक्रारींत सर्वांत मोठा वाद होता तो राबाचा. भाताच्या रोपवाटिकेसाठी फांद्या आणि पालापाचोळा भाजायला मिळावा, ही कसणाऱ्यांची मागणी होती आणि ती योग्यच होती. राबाची गरज असलेला माणूस जमीनदाराचे कूळ असे, त्यामुळे जमीनदारालाही त्यात स्वारस्य होते आणि अर्ज लिहून देणारा कोणीतरी मिळत असे. कात पाडणाऱ्याच्या मागे असे कोणी नव्हते. खैर सरकारी झाला, कातभट्ट्या बंद होत गेल्या, आणि कातकरी कोळशाच्या भट्टीवर, पुढे विटांच्या भट्टीवर गेला. आपल्या पानाला लागणारा कात पाडणाऱ्यांच्या नावात तो धंदा शिल्लक राहिला, हातात राहिला नाही.

जंगल राखीव करताना दावे मागवण्याची रीत होती, हे खरे आहे. वन कायद्यात त्यासाठी किमान तीन महिन्यांची मुदत असे आणि मुदतीत जो दावा आला नाही तो हक्क संपला असे धरले जाई. १९७२ च्या कायद्याने अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने करताना दोन महिन्यांची मुदत ठेवली आणि दावा विहित नमुन्यात, लेखी मागितला. जो समाज चार महिने एका ओढ्यावर आणि चार महिने दुसऱ्यावर असतो, ज्याला अक्षरओळख नाही, त्याने जाहीरनामा वाचून साठ दिवसांत लेखी अर्ज करावा, ही अपेक्षा ज्यांनी कायद्यात लिहिली त्यांनी असा समाज कधी पाहिला नसावा.

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी. वनहक्क कायद्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मला काही दिवस दाव्यांच्या स्थळपाहणीच्या कामावर पाठवले होते. तालुक्याचे नाव लिहीत नाही. अभयारण्याला लागून असलेल्या एका कातकरवाडीत आम्ही गेलो. दावे वैयक्तिक होते, नमुना ‘अ’ मध्ये भरलेले, कोणीतरी कार्यकर्त्याने एकाच अक्षरात लिहून दिलेले. प्रत्येकाच्या जागेभोवती यंत्र घेऊन फिरायचे आणि क्षेत्र लिहायचे, एवढेच आमचे काम. एका वृद्ध दावेदाराने आम्हांला शेतावर नेलेच नाही. त्याने आम्हांला सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत डोंगरात हिंडवले. एका उतारावर कडूकंद कुठे निघतो ते दाखवले. तो कापून, राखेत उकडून, वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवल्याशिवाय खाता येत नाही, म्हणून कंदाची जागा आणि ओढ्याची जागा जवळजवळ असावी लागते, हे त्याने मला फार सावकाश समजावून सांगितले. पुढे मासे धरण्याचा डोह, मधाची पोळी लागणारा कडा, वाघोबाचा दगड, माणसे पुरण्याची जागा, आणि शेवटी खैराची जुनी राई. ‘हे सगळं लिवा’, एवढेच तो मध्येमध्ये म्हणत होता. माझ्या हातातल्या तक्त्यात रकाना होता ‘लागवडीखालील क्षेत्र’. मी त्यात ‘निरंक’ असे लिहिले. नियमाप्रमाणे ते बरोबर होते. माझ्या खाजगी डायरीच्या मागच्या पानांवर मात्र मी त्या दिवशीच्या वाटेचा एक कच्चा नकाशा काढून ठेवला. तो का काढला हे तेव्हा मला नीट सांगता आले नसते.

गुंठा म्हणजे ३३ फुटी साखळीचा एक चौरस. या मापात एक गृहीत दडलेले आहे, ते असे की ज्याचा हक्क मोजायचा त्याने जमिनीचा एक तुकडा इतरांपासून वेगळा करून धरलेला असतो. शेतकऱ्याच्या बाबतीत हे खरे आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा आपल्या ठाण्यातूनच मुंबईला गेला. दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्री चालून काढला. सोललेल्या पायांची ती छायाचित्रे कोणी विसरले नसेल. वनहक्काचे प्लॉट नावावर व्हावेत, ही त्यांची एक मुख्य मागणी होती आणि तिला माझा मनापासून पाठिंबा आहे. परंतु प्लॉट हे शेतकऱ्याच्या हक्काचे रूप आहे. कंद खणणाऱ्याचा हक्क चार हेक्टरांच्या मर्यादेत बसत नाही, कारण चाळीस घरे तोच डोंगर मिळून वापरतात आणि त्यातला कोणताही गुंठा कोणा एकाचा नसतो. कायद्याची कसोटी १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ताब्याची आहे. ती पाहण्यासाठी उपग्रहाची चित्रे वापरली जातात. नांगरलेले शेत त्या चित्रात दिसते. कंद काढून पुन्हा बुजवलेला खड्डा पुढच्या पावसाळ्यात भूकरमापकालाही सापडत नाही, मग उपग्रहाला कुठून सापडणार? (नियमांत स्पष्ट लिहिले आहे की उपग्रहाचे चित्र पुराव्याला पूरक म्हणून वापरावे, पुराव्याच्या जागी वापरू नये. प्रत्यक्षात ते कसे वापरले जाते हे दावे नामंजूर झालेल्यांना विचारावे.)

असे असूनही या पत्रात मी नवा कायदा मागत नाही. जे हवे ते त्याच कायद्यात आहे, असे म्हणण्याइतपत मी तो वाचला आहे. कलम ३(१)(ई) मध्ये आदिम जमाती आणि ‘कृषिपूर्व समुदाय’ यांच्या अधिवासाच्या, म्हणजे राहण्या-वावरण्याच्या साऱ्या मुलखाच्या, सामूहिक हक्काला स्वतंत्र मान्यता आहे. शेतीआधीचे समाज आपल्या देशात आजही आहेत आणि त्यांचा जमिनीशी संबंध वेगळ्या प्रकारचा आहे, हे संसदेने एका शब्दात मान्य केले. हा हक्क वैयक्तिक प्लॉटसारखा चार हेक्टरांना बांधलेला नाही. सामूहिक दाव्याच्या नमुना ‘ब’ मध्ये त्यासाठी वेगळी जागा आहे. पुरावा म्हणून विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांसारख्या भौतिक खुणा चालतात आणि वृद्धांचे लेखी घेतलेले जबाबही चालतात. म्हणजे त्या म्हाताऱ्याने पाच तास हिंडवून जे दाखवले ते सारे पुरावेच होते. माझ्या हातात तक्ता मात्र चुकीचा होता.

यापुढची गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या प्रशासनाला लागू पडते, म्हणून ती जरा ठळकपणे लिहितो. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्राने वनहक्क नियमांत दुरुस्ती केली आणि १२ ब हा नियम घातला. आदिम जमातींची स्थिती इतरांहून अधिक नाजूक आहे हे लक्षात घेऊन, त्या सर्वांना अधिवासाचे हक्क मिळतील आणि त्यांचे तसे दावे ग्रामसभांपुढे दाखल होतील याची खात्री जिल्हास्तरीय समितीने करावी, असे तो नियम म्हणतो. त्या समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. एरवीच्या दाव्यांत दावेदाराने अर्ज घेऊन यायचे आणि समितीने तपासायचे, असा क्रम आहे. येथे तो उलटा आहे. दावा दाखल होईल हे पाहण्याची जबाबदारी समितीवर आहे. तेव्हा ‘कातकऱ्यांकडून अधिवासाचा दावा आलाच नाही’ हे उत्तर ठाणे, पालघर किंवा रायगड या तिन्ही जिल्ह्यांपैकी कोणालाही देता येणार नाही.

दावा का येत नाही, याची कारणे शोधायला फार दूर जावे लागत नाही. दिवाळीनंतर कातकरी कुटुंब उचल घेऊन भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. ग्रामसभेच्या ठरलेल्या चार तारखांपैकी २६ जानेवारी आणि १ मे या दोन तारखांना वाडी कुलूपबंद असते. किंवा खरे म्हणजे तिला कुलूपही नसते. वनहक्काचा ठराव करायचा तर ग्रामसभेला निम्मी उपस्थिती हवी आणि दावेदारांपैकीही निम्मे जण हजर हवेत. ते भट्टीवर विटा थापत असतात. उरलेल्या दोन सभांत ग्रामपंचायतीतील कसणारे गाव बहुसंख्य आणि कातकरवाडी अल्पसंख्य, असे चित्र असते. कातकऱ्यांचा अधिवास एका गावाच्या शिवेत मावतही नाही. एकाच डोंगराच्या चार बाजूंना चार गावांच्या चार वाड्या असतात आणि त्या परस्परांचे सोयरे असतात. गावागणिक दावा मागितला की त्या डोंगराचे चार तुकडे होतात आणि दावा पुन्हा प्लॉटाच्या वाटेला लागतो.

येऊरपुरती आणखी एक अडचण आहे. ते ठाणे महापालिकेच्या हद्दीत आहे, तेथे ग्रामपंचायत नाही, मग ग्रामसभा कोणाची भरवायची, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न खरा आहे, पण तो न सुटण्याजोगा नाही. वनहक्क कायद्याने महापालिकेची हद्द वगळलेली नाही. जांभूळपाडा, पाटोणपाडा ही नावे महापालिकेच्या आधीची आहेत आणि पाडा ही आपल्या भागातली सर्वांत जुनी सभा आहे.

घराच्या जागेचे तर याहून बिकट आहे. कित्येक कातकरवाड्या ज्या जमिनीवर उभ्या आहेत ती एकतर वनखात्याची असते किंवा सातबाऱ्यावर कोणा खातेदाराची. जोवर त्या जमिनीला भाव नव्हता तोवर खातेदारालाही शेतात राबायला माणसे हाताशी हवी होती. कर्जत-पनवेलच्या बाजूला फार्महाऊसे आली, विमानतळ आला, आणि तीच वाडी आता अडचण वाटू लागली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत देशातील ७५ आदिम जमातींना पक्की घरे, रस्ते, पाणी देण्याचे ठरले, आणि कातकरी त्यात आहेत. योजना चांगली आहे. पण घर कोणाच्या जमिनीवर बांधणार, हा प्रश्न योजनेच्या आधी सुटायला हवा होता.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप वन्यजीवांचा आहे आणि तो हलक्यात काढण्यासारखा नाही. शिकारी जमातीला जंगलाचा हक्क दिला तर भेकर, ससे, रानडुकरे शिल्लक राहतील का, असे मला माझ्याच इमारतीतील एका पक्षिनिरीक्षक मित्राने विचारले. त्याचे उत्तर कायद्यातच आहे. कलम ३(१)(एल) मध्ये पारंपरिक हक्कांतून शिकार, सापळे लावणे आणि वन्यप्राण्याचा अवयव काढणे हे स्पष्ट शब्दांत वगळले आहे. याचा अर्थ शिकारी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजाला जंगल परत मिळेल ते शिकार वजा करून. हा व्यवहार एकतर्फी आहे, असे एखाद्या कातकऱ्याने म्हटले तर मला त्याला पटेल असे उत्तर देता येणार नाही, पण बिबट्याच्या पायात तारेचा फास अडकल्याची बातमी वाचली की त्या वजाबाकीचे कारणही मला समजते. शिवाय कलम ५ प्रमाणे हक्क मिळालेल्या समाजाकडे वन्यजीव आणि जंगल राखण्याचा अधिकारही येतो. आज वाडीवरच्या माणसाला रात्री खैर तोडून नेणारी टोळी दिसली तर तो गप्प बसतो, कारण जंगलात तू काय करत होतास, हा प्रश्न आधी त्यालाच विचारला जाईल हे तो जाणून असतो.

दुसरा आक्षेप पत्रलेखकांनी घेतला आहे तो ऱ्हासाचा. माणसे राहिली म्हणून जंगल संपले, असे ते म्हणतात. याच आधारावर केनिया सरकारने २००९ मध्ये माऊ जंगलातील ओगिएक या मध गोळा करणाऱ्या आणि शिकार करणाऱ्या समाजाला तीस दिवसांत बाहेर पडण्याची नोटीस दिली होती. प्रकरण आफ्रिकेच्या मानवी हक्क न्यायालयात गेले आणि २६ मे २०१७ रोजी निकाल ओगिएकांच्या बाजूने लागला. जंगलाची हानी झाली ती बाहेरून आलेल्यांच्या अतिक्रमणाने आणि सरकारनेच वस्तीसाठी व लाकूडतोडीसाठी दिलेल्या परवानग्यांनी, त्यासाठी ओगिएकांना हटवणे समर्थनीय ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. जून २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने नुकसानभरपाई आणि सामूहिक मालकीची नोंद करून देण्याचा आदेशही दिला. येऊरच्या संदर्भात हा निकाल वाचताना मला नावे बदलण्याची फारशी गरज वाटली नाही. आज उद्यानाच्या पोटातून ठाणे-बोरिवली जुळा बोगदा खणला जात आहे. तो जमिनीखालून जातो आणि त्याला रीतसर परवानग्या मिळालेल्या आहेत, म्हणून मी त्याला बंगल्यांच्या रांगेत बसवत नाही. पण ज्या जंगलात सुमारे बारा किलोमीटरच्या रस्त्यासाठी नियमांतून वाट निघते, त्याच जंगलात शेवळाच्या जुडीसाठी ती निघू नये, हे मोजमापाच्या दृष्टीने मला विसंगत वाटते.

न्यायालयाचा निकाल हाती आला म्हणजे सारे झाले, असेही नाही. बोट्स्वानात कालाहारीचे मोठे अभयारण्य १९६१ मध्ये झाले, तेव्हा तेथील सान या मूळनिवासी लोकांना तेथे राहता यावे हाही एक हेतू होता. २००२ मध्ये त्यांचे पाणी तोडून त्यांना बाहेर काढले. उच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी ते हटवणे बेकायदा ठरवले. (आपल्या वनहक्क कायद्यातील ताब्याच्या तारखेला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झाले होते. हा निव्वळ योगायोग.) सरकारने मग असा अर्थ काढला की अर्जात ज्यांची नावे होती तेवढ्यांनीच विनापरवाना परत जावे, आणि बंद केलेली कूपनलिका उघडून घेण्यासाठी त्यांना पुन्हा न्यायालयात जावे लागले. तो निकाल २०११ मध्ये लागला. हक्क समाजाचा असताना तो नावानिशी यादीत बसवला की काय होते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्याच देशात याहून बरी उदाहरणे आहेत. कर्नाटकात बिळिगिरी रंगन टेकड्यांवरील सोलिग लोकांचे सामूहिक वनहक्क २०११ मध्ये मान्य झाले, आणि ते क्षेत्र व्याघ्र प्रकल्पातले आहे. मध्य प्रदेशात पाताळकोटच्या भारिया जमातीला आणि छत्तीसगडमध्ये २०२३ साली कमार आणि बैगा या जमातींना अधिवास हक्क मिळाले. आपल्या राज्यात गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवून दाखवले. तेव्हा महाराष्ट्राला ही वाट अनोळखी नाही. ती ठाण्यापर्यंत, आणि ठाण्यात कातकरवाडीपर्यंत आलेली नाही, एवढेच.

यासाठी ठाण्याच्या जिल्हास्तरीय समितीने येत्या पावसाळ्यातच काम सुरू करावे, कारण तेव्हा माणसे वाडीवर असतात. तानसा अभयारण्याच्या भोवतालच्या वाड्यांपासून प्रारंभ करणे सोयीचे होईल. मुंबईला १८९२ पासून पाणी देणाऱ्या त्या तलावाच्या काठचे लोक आपल्या हद्दी पाण्याच्या खुणांवरून सांगू शकतात. अधिवासाची हद्द गावाच्या शिवेवरून न आखता वाड्यांच्या सोयरसंबंधांवरून आणि वाटांवरून आखावी, आणि त्यासाठी ठाणे, पालघर व रायगड या तिन्ही समित्यांनी एकत्र बसावे, कारण डोंगराला जिल्हा नसतो. मोजणीच्या पथकात दोन वृद्ध कातकरी स्त्रिया असाव्यात, असेही सुचवतो. कंदाची माहिती पुरुषांपेक्षा त्यांना जास्त असते, हे मी त्या दिवशी त्या म्हाताऱ्याच्या तोंडूनच ऐकले होते. आणि येऊरपासून तानसापर्यंत कोणत्याही पाड्याला हलवण्याची भाषा करण्यापूर्वी, १२ ब खाली आजवर काय केले याचे एक पान समितीने जाहीर करावे.

राहता राहिली माझी डायरी. वृद्धांचे लेखी जबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरले जातात, हे वर लिहिलेच आहे. ज्याने मला हिंडवले तो आता हयात असण्याची शक्यता कमी आहे, मी मात्र वयाची बहात्तरी ओलांडून जबाब देण्यास पात्र झालो आहे. नियमाला अभिप्रेत असलेला वृद्ध तो मीच का, हे समितीने ठरवावे. नकाशा जपून ठेवलेला आहे, त्यावर तारीख आहे, आणि डोह, कडा, राई, दफनभूमी ही ठिकाणे चुंबकसुईने दिशा पाहून मांडलेली आहेत. बोलावणे आल्यास तो घेऊन मी हजर होईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूकरमापक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)